सात सीटर: ‘करायची’ गाडी ‘घ्यायची’ कशी झाली

दुसऱ्या मुलाचं बारसं झालं की घरात मोठ्या गाडीचा विषय निघतोच. दोन मुलं, आई-वडील, वर्षातून दोनदा गाव, मग पाच सीटा पुरणार कशा? गंमत अशी की महाराष्ट्रातली कुटुंबं वाढत नाहीत, आटत चालली आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्याचा एकूण जननदर १.७ निघाला, म्हणजे बाईमागे दोन मुलंही नाहीत. आणि इकडे मारुतीच्या तीन रांगांच्या एर्टिगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये १० लाख गाड्यांचा टप्पा ओलांडला. मुलं कमी, सीटा जास्त. असं का, हे कळायला तिसरी रांग आपल्याकडे कुणासाठी आली होती ते बघावं लागतं. मुलांसाठी तर ती नक्कीच आली नव्हती.

मोठी कुटुंबं खरोखर होती त्या काळात सात सीटर नव्हतीच. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी कागदावर पाचजणांची. पण पुढची सीट सलग बाकासारखी आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या दांड्याला, त्यामुळे दोघांच्या मध्ये पायांना मोकळी जागा. पुढे तिघं, मागे चौघं, शिवाय मांडीवर दोन पोरं. पट्टे कुणी लावायचं नाही, कारण बहुतेक गाड्यांत ते नसायचेच. व्हॅनइतकी माणसं सेदानमध्ये बसायची आणि कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

त्याहून जास्त माणसं असली, की गाडी ‘घ्यायची’ नसे, ‘करायची’ असे. लग्नाचं वऱ्हाड, जेजुरी, कोल्हापूर, अष्टविनायक: यासाठी आधी मॅटाडोर, मग ट्रॅक्स. दोन्ही आकुर्डीच्या बजाज टेम्पोच्या (२००५ पासून हिचं नाव फोर्स मोटर्स). खेड्यापाड्यांत त्याच ट्रॅक्स आणि महिंद्राच्या कमांडर जीपा रोजची वाहतूक करत. पश्चिम महाराष्ट्रात तिला वडाप म्हणतात, मराठवाड्यात काळी-पिवळी. मागे लांबीच्या दिशेने दोन बाक, समोरासमोर तोंडं, गुडघ्याला गुडघा. तिसऱ्या रांगेचं आपल्याकडचं मूळ हे आहे. जागा भाड्याने विकायची होती, म्हणून सीट वाढवली.

कायद्यानेही हीच चौकट पक्की केली. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे चालक सोडून सहापर्यंत प्रवासी नेणारी भाड्याची गाडी म्हणजे मोटारकॅब. सहाच्या वर, बारापर्यंत गेली की ती मॅक्सीकॅब, आणि परमिटाची भानगड वेगळी. सहा अधिक एक म्हणजे सात. सात हा आकडा कुणा कुटुंबाची गणती करून आलेला नाही. टॅक्सी म्हणून विकताना तो सोयीचा पडतो, हे गाड्या बनवणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे.

१९९४ मध्ये टेल्कोने (आताची टाटा मोटर्स) पुण्यात टाटा सुमो काढली. नाव जपानी पैलवानांवरून नाही, कंपनीचे दीर्घकाळचे प्रमुख सुमंत मुळगांवकर यांच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधल्या ‘Su’ आणि ‘Mo’वरून. दहा माणसांची गाडी: पुढे दोन-तीन, मध्ये तीन, मागे आडव्या बाकांवर चार. तिने ‘गाडी केली’ हा शब्दच बदलला. लोक ‘सुमो केली’ म्हणू लागले, मग आलेली गाडी दुसऱ्याच कंपनीची असली तरी. मात्र त्या मागच्या बाकांना पट्टे नसत, डोक्याला टेकू नसे, आणि आडवं बसल्यामुळे ब्रेक लागला की माणूस शेजाऱ्याच्या अंगावर जाई. आंबा घाटात मागे बसलेल्याला गाडी लागणार हे ठरलेलंच. मागची दोन पोरं उलटी करून करून निपचित पडली की बाकीच्यांना जरा ऐसपैस बसता येई.

घरगुती बाजूने याच काळात एकच प्रयोग चालू होता, तो मारुतीच्या व्हॅनचा. ही १९८४ ची. नंतर तिचं नाव ओम्नी झालं. ७९६ सीसीचं इंजिन पुढच्या सीटांच्या खाली, सरकते दरवाजे, सपाट तळ, आणि डबा सोडला तर बाकी काही नाही. जागेचा वापर म्हणून बघितलं तर भारतात इतकी हुशार आखणी दुसरी झाली नाही. पण पुढे बसलेल्याचे गुडघे आणि समोरचा ट्रक यांच्यामध्ये फक्त एक पत्रा. धडकेचे नवे नियम आले आणि २०१९ मध्ये ती थांबली. तोवर सरकत्या दरवाज्याची आपल्याकडची ओळखही कायमची ठरून गेली होती: शाळेची व्हॅन, रुग्णवाहिका, आणि हिंदी सिनेमातलं अपहरण. ‘फॅमिली कार’ शोधणारा माणूस सरकता दरवाजा बघून आजही नाक मुरडतो. त्यात त्याचंच नुकसान आहे, कारण अरुंद पार्किंगमध्ये मूल उतरवायला त्यासारखी सोय नाही.

अमेरिकेत हेच उलट्या दिशेने घडलं. तिथे मिनीव्हॅन आली ती घरासाठीच. फोर्डमध्ये ही कल्पना नाकारली गेल्यावर तिथले अधिकारी हॅल स्पर्लिच आणि ली आयकोका हे दोघे क्रायस्लरमध्ये आले. ती कंपनी बुडता बुडता सरकारी हमीवर वाचली, आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये डॉज कॅरॅव्हॅन व प्लिमथ व्हॉयेजर बाहेर पडल्या. इंजिन पुढे आणि ओढही पुढच्याच चाकांना, त्यामुळे मागच्या चाकांपर्यंत जाणारा फिरता दांडा, म्हणजे शाफ्ट, नाही. शाफ्ट नाही म्हणून तळ खाली आणि सपाट. तळ खाली म्हणून उंची नेहमीच्या घरगुती गॅरेजात मावेल इतकी. वेळही नेमकी साधली. टेनेसी राज्याने १९७८ मध्ये मुलांसाठी सुरक्षा सीट सक्तीची केली आणि १९८५ पर्यंत सगळ्या राज्यांत तसे कायदे झाले. सेदानच्या मागच्या सीटवर दोन बेबी सीट बांधल्या की मध्ये मोठ्या माणसाला बसायला जागा उरत नाही. तिसरं मूल किंवा आजी आली की तिसरी रांग हवीच. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियातल्या बे एरियात राहणाऱ्या मराठी घरांत होंडाची ओडिसी, टोयोटाची सिएना अशी मिनीव्हॅन दिसते ती याच हिशोबाने: दोन बेबी सीट, आणि सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा.

आपल्याकडे टॅक्सीची गाडी घरात शिरली ती टोयोटामार्फत. २००० मध्ये क्वालिस आली. इंडोनेशियातल्या किजांग गाडीचीच ही बहीण, दिसायला खोका, पण बिघडायची नाही. कॉल सेंटरांनी ती उचलली, मग सधन एकत्र कुटुंबांनी. २००५ मध्ये चांगली खपत असतानाच ती बंद करून इनोव्हा आणली. इनोव्हाने तिसरी रांग समोर तोंड करून, बऱ्यापैकी नीट बसवली. तीही शिडीसारख्या चासीवरची, मागच्या चाकांवर चालणारी गाडी होती. म्हणजे तळ उंच, चढताना आजीला हात द्यावा लागणार. टोयोटाने ती रचना सोडली थेट इनोव्हा हायक्रॉसमध्ये, २०२२ च्या शेवटी.

मारुतीने २००१ मध्ये व्हर्सा आणून बघितली होती. अमिताभ-अभिषेक जाहिरातीत, मागच्या रांगांना वेगळा एसी, सरकते दरवाजे. चालली नाही. लोकांना त्या किमतीत ओम्नी नको होती. तिचाच साधा अवतार २०१० मध्ये ईको म्हणून आला आणि मालवाहू, शाळा, रुग्णवाहिका या कामांत धोधो खपला. शहाणपण कंपनीला २०१२ मध्ये आलं. स्विफ्टच्या तोंडवळ्याची, साध्या दरवाज्यांची, कारसारखी चालणारी एर्टिगा काढली, आणि व्हॅन हा शब्द जाहिरातीत कुठेही येऊ दिला नाही.

यानंतरची आखणी कराने केली. २००६ च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाड्यांना कर कमी. त्या मापात तीन रांगा बसवायचा हट्ट रेनोच्या ट्रायबरने २०१९ मध्ये धरला: लांबी ३,९९० मिलिमीटर, इंजिन ९९९ सीसी. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीत ही दरी आणखी रुंदावली. ट्रायबरवर १८ टक्के, एर्टिगावर ४० टक्के. (आधी उपकर धरून अनुक्रमे २९ आणि ४५ होते.) तेव्हा स्वस्त सात सीटर म्हणून जे दिसतं, त्याच्या लांबीतले सेंटिमीटर करापायी कापलेले आहेत. ते कापले जातात एकाच ठिकाणी, शेवटच्या रांगेत आणि तिच्या मागच्या डिकीत.

आता हे आकड्यांत बघू. सातही सीटा उभ्या असताना ट्रायबरची डिकी ८४ लिटर, एर्टिगाची २०९. विमानात वर ठेवायची छोटी बॅग ३५ ते ४० लिटरची असते. म्हणजे ट्रायबरमध्ये सात माणसं आणि दोन छोट्या बॅगा. सातजण चार दिवसांसाठी गावी निघाले की सामान टपावर. ट्रायबरची तिसरी रांग मात्र उचलून घरी ठेवता येते आणि मग डिकी ६२५ लिटर होते. चौघांच्या घराला हा खरा उपयोग. कंपनीची सीएनजी असेल तर टाकी डिकीतच येते. सीएनजी सात सीटर सातजणांनी भरली, तर सामानाला जागा जवळपास शून्य. हे शोरूममध्ये कुणी आपणहून सांगत नाही.

वजनाचाही हिशोब करायचा. आरसीवर रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं वजन दिलेलं असतं. दोन्हींमधला फरक एर्टिगाच्या मापाच्या गाडीत साधारण ५५० ते ६०० किलो. सात मोठी माणसं ६५ किलोंनी ४५५. उरले शंभर-दीडशे. हापूसची पाच डझनी पेटी लाकडासकट पंधरा-अठरा किलोंची. चार पेट्या, तांदळाचं एक पोतं, बॅगा, की मर्यादा संपली. टपाची मर्यादा वेगळी आणि बरीच कमी असते, ती मॅन्युअलमध्ये बघावी. जास्त भरलं की मागचा भाग बसतो, गतिरोधकावर तळ घासतो, ब्रेक लांब लागतो, आणि हेडलाइट वर होऊन समोरच्याच्या डोळ्यांत जातात. तो उजेड खाली आणायला डॅशबोर्डवर शून्यापासून आकडे असलेली चकती असते, ती बहुतेकांनी कधी फिरवलेली नसते. टायरची हवाही भरलेल्या गाडीसाठी वेगळी सांगितलेली असते. ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या खांबावर स्टिकर असतो.

बेबी सीटचा घोळ तर खास सात सीटरचा आहे. सीट बांधायचे आयसोफिक्सचे कडे सहसा फक्त दुसऱ्या रांगेच्या दोन कडांना असतात. आणि तिसऱ्या रांगेत जायचं तर दुसऱ्या रांगेची कडेचीच सीट दुमडून पुढे घ्यावी लागते. बेबी सीट बांधलेली असेल तर ती दुमडत नाही. आपल्याकडे फुटपाथ डाव्या बाजूला, म्हणून मुलाला डावीकडून चढवणं सुरक्षित. पण डावीकडे बेबी सीट बांधली तर मागे जाणाऱ्याला उजवीकडून, रहदारीत उतरून जावं लागतं. दोन्ही कडांना दोन बेबी सीट बांधल्या तर तिसऱ्या रांगेत जायची वाटच बंद, म्हणजे सात सीटर घेऊन चार-पाचजणांचीच सोय. दुसऱ्या रांगेत दोन स्वतंत्र सीटा असलेली सहा सीटर इथे उपयोगी पडते, कारण मधल्या फटीतून मागे जाता येतं. मुलाला मांडीवर घेऊन हा प्रश्न सोडवणारे खूप आहेत. २०१९ च्या दुरुस्तीपासून १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बेबी सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे. दंड क्वचितच होतो, पण अचानक ब्रेक लागल्यावर दहा किलोंचं मूल हातात धरून ठेवणं कुणालाच शक्य नसतं.

मग लागते का? रोज तीन लहान मुलं, किंवा दोन मुलं आणि आई-वडील असे सहाजण एकत्र निघत असतील, तर लागते. तिथे चार मीटरच्या आत शोधू नये. वर्षात दहा-बारा दिवसच माणसं जास्त होत असतील, तर पाच सीटर घ्यावी आणि त्या दिवसांपुरती गाडी करावी. ही आपली जुनी रीत आजही स्वस्त पडते, शिवाय घाटात रात्री चालवायला ड्रायव्हर मिळतो. सगळ्यात चुकीची खरेदी होते ती मधल्या घरांची. चौघं राहतात, दोघं कधीतरी येतात, आणि ‘असू दे’ म्हणून घेतलेली तिसरी रांग वर्षभर दुमडलेली राहते. वर लांब गाडी सोसायटीच्या यांत्रिक पार्किंगच्या पाटावर मावत नाही म्हणून रस्त्यावर उभी. गाडी बुक करण्याआधी त्या पाटाची लांबी, उंची आणि वजनाची मर्यादा विचारून घ्यावी.

शोरूममध्ये जाताना घरातल्या सगळ्यांना न्यावं, बेबी सीटही न्यावी. तिसऱ्या रांगेत घरातल्या उंच माणसाला वीस मिनिटं बसवायचं. बैठकीची पुढची कड तळापासून तीस सेंटिमीटरहून कमी उंच असेल तर गुडघे छातीशी येतात आणि मांड्यांना आधार राहत नाही. पडद्यासारखी एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत येते का आणि तिथे एसीची हवा वेगळी मिळते का, हे माहितीपत्रकात बघून घ्यायचं. मग डिकी उघडून गावी नेता ती मोठी बॅग तिच्यात ठेवून बघायची. आणि बसण्याआधी दुसऱ्या रांगेकडे लक्ष द्यायचं: डेमो गाडीत ती पूर्ण पुढे सरकवून ठेवलेली असते. आधी ती आजोबांना पाय लांब करता येतील इतकी मागे घ्यायची, मग मागच्याला बसायला सांगायचं.