पत्रात दिलेली कबुली आणि कैफियतीतली कबुली

"पैसे देणं लागतो असं लिहून दिलंय, आता मागे घेता येईल का?" याला दिवाणी कोर्टात एकच उत्तर नाहीये, आधी बघावं लागतं की लिहून दिलंय कुठे.

समजा केस व्हायच्या आधी तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं, "तुमचे दोन लाख बाकी आहेत, दिवाळीनंतर देतो". हे पुराव्यात येणार, जड पण जाणार, पण तेवढ्यावर सगळं संपत नाही. साक्षीत सांगता येतं की हिशोब चुकला होता किंवा पैसे नंतर फेडले, ही बघा पावती. वेगळा अर्ज लागत नाही, फक्त कोर्टाला पटवायचं काम तुमचं. (सही केलेली लेखी कबुली दावा लावायची मुदत संपायच्या आत दिली असेल तर मुदत तिथून नव्याने मोजतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.)

कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, तेच मान्य केलं की मामला बदलतो. त्या मुद्द्यावर सहसा पुरावाच लागत नाही, आणि कबुली स्पष्ट असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (सीपीसी) ऑर्डर १२ रूल ६ खाली कोर्ट तेवढ्यापुरता थेट हुकूमनामा देऊ शकतं. मागे घ्यायची तर ऑर्डर ६ रूल १७ चा दुरुस्ती अर्ज करायचा, आणि सुनावणी सुरू झाली असेल तर एवढी काळजी घेऊनही हे आधी का मांडता आलं नाही तेही दाखवायचं. "वकिलाने न विचारता लिहिलं" हे कोर्ट रोज ऐकतं, खाली सही तर तुमचीच असते ना.

१९७६ च्या मोदी स्पिनिंग केसमध्ये कंपनीने आधी कैफियतीत मान्य केलं की वादी आमचा स्टॉकिस्ट-कम-डिस्ट्रिब्युटर होता, आणि तीनेक वर्षांनी म्हणाली की नाही, तो एजंट-कम-खरेदीदार. सुप्रीम कोर्टाने दुरुस्ती नाकारली, कारण कबुलीमुळे वादीच्या हातात आलेलं सगळंच त्या दुरुस्तीने गेलं असतं. पण २००७ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका वाटपाच्या दाव्यात हिश्श्याची कबुली तशीच ठेवून "वारस असल्याचं सिद्ध झालं तर" अशा धर्तीची अट जोडायची होती, ती दुरुस्ती कोर्टाने होऊ दिली. म्हणजे माझ्या मते खोडायला जाण्यापेक्षा खुलासा जोडायला जा, आणि साक्षी सुरू व्हायच्या आत जा.

आणि कैफियत लिहितानाच बघा, दाव्यातली एखादी गोष्ट स्पष्ट शब्दांत नाकारायची राहिली तर ऑर्डर ८ रूल ५ प्रमाणे ती पण मान्यच धरतात.