वसतिगृह चालवणाऱ्या संस्थांसाठी: पैसा कुठून, हिशेब कसा

इमारतीला देणगीदार मिळतो. फीत कापली जाते, संगमरवरी पाटी लागते. मग दर महिन्याला तांदूळ, गॅस आणि रेक्टरचा पगार लागतो, आणि त्यावर कुणाच्या नावाची पाटी लागत नाही. आम्ही गोव्यातल्या शाळकरी मुलांच्या वसतिगृहांचे हिशेब बघतो. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक संस्था अडतात त्या इथेच.

म्हणून आधी एका मुलाचा खर्च काढा. समजा, ३० मुलं आहेत. जेवणाचे महिन्याला प्रत्येकी २,७०० रुपये. रेक्टर, दोन स्वयंपाकिणी, रात्रीचा राखणदार आणि वीज मिळून ७८,००० रुपये. एका मुलामागे झाले ५,३००. आठ मुलं कमी झाली तरी राखणदाराचा पगार तेवढाच, त्यामुळे तोच आकडा ६,२४५ वर जातो. (हे आकडे नमुन्याचे, तुमचे तुमच्या वहीतून काढू.) पुष्कळ कार्यकारिणी शेजारच्या वसतिगृहाची फी विचारतात आणि दोनशे रुपये कमी लावतात. कृपया असं करू नका.

कॅलेंडरही बघा. २०२५ साली गोव्यात सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग ७ एप्रिललाच सुरू झाले, मे सुट्टीत गेला, जूनात शाळा पुन्हा भरली. फी दहा महिन्यांची, पगार बारा महिन्यांचे. शिवाय चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी! मुलं घरी जातात, तेव्हा त्या दिवसांचे जेवणाचे पैसे परत मिळणार का, हे पालक दरवर्षी विचारतात आणि रेक्टर दरवर्षी वेगळं उत्तर देतो. प्रवेशाच्या अर्जावरच लिहून टाका. प्रवेशाच्या वेळी घेतलेली अनामत हे उत्पन्न नव्हे, ती परत द्यायची आहे; तिच्यातून गॅसचं बिल भरू नका.

देणग्या

पणजीची मुष्टिफंड संस्था १९०८ सालची. मुष्टी म्हणजे मूठ. प्रत्येकाकडून थोडंच, मूठभर तांदळाइतकं मागायची ती कल्पना आजही चालते: एका मुलाचं एका महिन्याचं जेवण, २,७०० रुपये, असं मागितलं की लोक देतात. मात्र २,००० रुपयांवर रोख घेतली तर देणगीदाराला आयकरात वजावट मिळत नाही, तेव्हा बँकेतून किंवा यूपीआयनेच घ्या. नव्या कररचनेत गेलेल्या देणगीदाराला ८०-जीची, म्हणजे देणगीवरची, वजावट तशीही नाही. पावतीवर ‘करसवलत’ ठळक छापण्याआधी हे लक्षात असू द्या.

कायम निधीसाठी दिलेली रक्कम कायम निधीतच राहावी, असं देणगीदाराकडून लेखी घ्या. दहा लाखांवर ७ टक्के व्याज धरलं तर वर्षाला ७०,००० रुपये. वरच्या हिशेबाने एका मुलाचे दहा महिने निघून थोडे उरतात. कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी हवा असेल तर आयकर खात्याकडची १२-ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) व ८०-जी नोंदणी आणि कंपनी मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी आधी लागते.

आता खास गोव्याची गोष्ट. आपल्या गावचा मुलगा लंडनहून पैसे पाठवतो. पासपोर्ट भारतीय असेल आणि स्वतःच्या कमाईतले पैसे बँकेमार्फत आले, तर ती साधी देणगी. पासपोर्ट पोर्तुगीज असेल तर तो आपलाच असला तरी पैसा विदेशी: एफसीआरए (विदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी हवी, आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवी. एका संस्थेने पाण्याच्या टाकीसाठी आलेली अशी रक्कम आम्हाला दाखवली तेव्हा टाकी गच्चीवर चढली होती. पैसे येण्याआधी विचारा, संकोच नको.

जीएसटीची भीती मात्र सोडा. १५ जुलै २०२४ पासून, राहण्याचा आकार महिन्याला माणशी २०,००० रुपयांपर्यंत आणि मुक्काम सलग किमान ९० दिवसांचा असेल तर कर नाही. मे महिन्यात खोल्या लग्नाच्या वऱ्हाडाला देत असाल तर ही सूट त्याला लागू नाही.

रोजचा कारभार

इथे मोठं शास्त्र नाही. आदल्या संध्याकाळी जेवणारी डोकी मोजायची आणि तांदूळ तोलून काढायचा, एवढ्यानेही वाया जाणारं अन्न कमी होतं. कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, मुलींच्या वसतिगृहाला स्त्री रेक्टर, आणि मुलाला घरी नेताना पालकाची सही यांत सवलत नको. पावसाळ्यासाठी एप्रिलातच पैसे बाजूला काढा. जुलैत गाद्यांना बुरशी धरते, लोखंडी खाटा गंजतात, आणि वाळत न घातलेल्या चादरींचा वास पालकांना फाटकातच येतो.

पहिल्या भेटीचे आम्ही पैसे घेत नाही. येताना संस्थेची घटना (नियमावली), मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद आणि बँकेची पासबुकं आणा. स्वयंपाकघरातली वही आणाच, तेलाचे डाग असले तरी चालेल.