संस्था पैसे घेते, म्हणजे लबाडी?

'खरी समाजसेवी संस्था पैसे घेत नाही. नफा दिसला की धंदाच समजा' हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. शंका रास्त आहे, निष्कर्ष मात्र चुकतो.

गावातलं शुद्ध पाण्याचं केंद्र घ्या. जार भरायला चार पैसे द्यावे लागतात. त्यातूनच वीजबिल, फिल्टर आणि नळाशी बसणाऱ्या ताईंचा पगार निघतो. नाहीतर पहिल्याच बिघाडाला दाराला कुलूप!

कंपनी कायदा, 2013 च्या कलम 8 खालच्या, म्हणजे समाजकार्यासाठी नोंदलेल्या, कंपनीला नफा कमावता येतो. सभासदांत तो वाटता येत नाही, उद्दिष्टासाठीच वापरावा लागतो. (ट्रस्टचे नियम वेगळे.)

पडताळायचंय? बिलावरचा 21 अंक-अक्षरांचा कंपनी क्रमांक पाहा. त्यात 'एनपीएल' ही इंग्रजी अक्षरं म्हणजे बिगर-नफा (नफा न वाटण्याच्या अटीचा) परवाना. ताळेबंदही सरकारी संकेतस्थळावर शुल्क भरून बघता येतो.