जपानी-अमेरिकनांची नजरकैद: आयोगाने काय केलं, कोर्टाने काय केलं

दुसऱ्या महायुद्धात जपानशी लढाई चालू असताना, फेब्रुवारी 1942 मध्ये, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्र. 9066 वर सही केली; लष्कराला ठरावीक भागातून लोकांना हटवायचा अधिकार त्याने मिळाला. त्यानंतर जपानी वंशाच्या सुमारे 1,20,000 लोकांना घरंदारं सोडून काटेरी तारांआड राहावं लागलं. त्यातले दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. या अन्यायाची फेरतपासणी 1983 मध्ये दोन ठिकाणी झाली: एक सरकारी चौकशी आयोगात, दुसरी सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टात. वर्ष एक, विषय एक, म्हणून दोन्हींची गल्लत होते.

आयोग संसदेने 1980 मध्ये कायदा करून नेमला. त्याच्यापुढे 750 हून अधिक साक्षी झाल्या. कित्येकांनी छावणीतल्या दिवसांबद्दल पहिल्यांदाच तोंड उघडलं. वंशद्वेष, युद्धज्वर आणि राजकीय नेतृत्वाचं अपयश ही या नजरकैदेची कारणं, लष्करी गरज नव्हे, असं आयोगाने नि:संदिग्धपणे लिहिलं. पण आयोगाला फक्त शिफारस करता येत होती. नजरकैद भोगलेल्यांपैकी हयात असलेल्या प्रत्येकाला 20,000 डॉलर द्यावेत आणि देशाने त्यांची क्षमा मागावी, ही त्याची शिफारस कायद्यात उतरायला 1988 उजाडलं.

कोर्टातला मामला एका माणसाचा होता. फ्रेड कोरेमात्सु यांनी 1942 मध्ये घर सोडायला नकार दिला, म्हणून ते दोषी ठरले आणि 1944 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती शिक्षा उचलून धरली. जानेवारी 1983 मध्ये त्यांनी अर्ज केला की सरकारने तेव्हा न्यायालयापासून पुरावा दडवला होता.

त्यातला एक पुरावा आयोगाच्याच संशोधिका आयको हर्झिग-योशिनागा यांच्या हाती लागला होता. त्या स्वतः मुलगी असताना मॅन्झनारच्या छावणीत होत्या. लोकांना हटवण्याची कारवाई करणारे पश्चिम किनाऱ्याचे लष्करी प्रमुख जनरल डेविट यांच्या त्या कारवाईवरच्या अहवालाची मूळ प्रत त्यांना राष्ट्रीय अभिलेखागारात सापडली. निष्ठावंत कोण हे तपासायला वेळ नव्हता, असं सरकार न्यायालयात सांगत होतं. मूळ प्रतीत मात्र वेळेचा प्रश्नच नव्हता. या लोकांत विश्वासू कोण, हे ओळखणंच अशक्य आहे असं डेविट यांनी लिहिलं होतं. तो मजकूर बदलून जुन्या प्रती जाळण्यात आल्या, त्यातून ही एक वाचली.

माझ्या मते खरा फरक पुढे दिसतो. जून 1983 मध्ये आयोगाने कोरेमात्सु यांच्यासारख्या दोषी ठरलेल्यांना राष्ट्राध्यक्षांनी गुन्ह्याची माफी द्यावी, असं सुचवलं. हेतू चांगला, पण अशी माफी गुन्हेगाराला मिळते. कोरेमात्सु यांना आपण गुन्हा केलाच नव्हता हे कोर्टाकडून हवं होतं. 10 नोव्हेंबर 1983 रोजी न्यायाधीश मॅरिलिन पटेल यांनी त्यांची दोषसिद्धी रद्द केली.

सर्वोच्च न्यायालयाचा 1944 चा निकाल बदलणं मात्र पटेल यांच्या अधिकाराबाहेरचं होतं. तो दिला त्याच दिवशी घोर चुकीचा होता, असं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात आलं ते 2018 मध्ये, काही मुस्लिमबहुल देशांतल्या लोकांवरची प्रवेशबंदी वैध ठरवताना.