तळं खोल खणलं म्हणून पाणी निवळत नाही

उघड्या कोळसा खाणीजवळचा ओढा पावसाळ्यात काळपट वाहू लागला, की एक उपाय हमखास पुढे येतो: ‘गाळाचं तळं अजून खोल करा!’ (खाणीचं गढूळ पाणी ओढ्यात सोडण्याआधी गाळ खाली बसावा म्हणून साठवतात, ते हे तळं.) सांगणाऱ्याचा आवाज असा असतो की, एवढी साधी गोष्ट खाणवाल्यांना कशी सुचली नाही? पण हे गणित तितकं सरळ नाही, आणि मला ते फार आवडतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. खाणीच्या आवारात येणारं पाणी दोन जातींचं. वरच्या उतारावरून येतं ते बहुधा स्वच्छ. खाणीच्या तळाशी साचतं किंवा मातीच्या ढिगाऱ्यांवरून ओघळतं ते गढूळ. या दोघांची गाठ पडू द्यायची नाही, हा पहिला नियम. म्हणून खाणीभोवती चर खणून वरचं पाणी बाहेरच्या बाहेर ओढ्याला नेऊन सोडतात. गढूळ पाणी पंपाने उपसून तळ्यात. जेवढं पाणी मुळात गढूळच होऊ दिलं नाही, तेवढ्याने तळ्यावरचा भार हलका.

आता तळ्यात काय होतं ते बघू. काचेच्या उंच बरणीत पाणी घेऊन मूठभर माती ढवळा. वाळू हात काढेपर्यंत तळाला जाते. बारीक पोयटा काही तास घेतो. आणि चिकणमातीचा तांबूस ढग दुसऱ्या दिवशीही तसाच तरंगत असतो. याचं कारण भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी 1851 मध्ये मांडलं: पाण्यात बारीक कण बुडण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. कण दहापट बारीक झाला, तर वेग शंभरपट कमी. मातीचा 0.01 मिलिमीटरचा कण एक मीटर खाली जायला साधारण तीन तास घेतो, 0.001 मिलिमीटरचा कण जवळपास तेरा दिवस. कोळशाची भुकटी तर आणखी हट्टी. दगडमातीची घनता पाण्याच्या अडीचपटीहून जास्त, कोळशाची जेमतेम 1.3 ते 1.5 पट. त्यामुळे त्याच आकाराचा कोळशाचा कण साधारण तीन ते साडेपाचपट हळू बुडतो.

मग तळं दुप्पट खोल केलं तर? पाणी तळ्यात दुप्पट वेळ थांबेल, हे खरं. पण कणाला तळ गाठायला अंतरही दुप्पट कापावं लागेल. हिशेब शून्य! अभियंते अ‍ॅलन हेझन यांनी 1904 मध्ये हे दाखवून दिलं: कोणते कण अडकतील हे ठरतं येणारा प्रवाह भागिले तळ्याच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ, या एका आकड्यावरून. खोली त्या सूत्रात येतच नाही. समजा तळं 100 मीटर लांब, 50 मीटर रुंद आहे आणि सेकंदाला अर्धा घनमीटर पाणी येतंय. 0.5 भागिले 5000, म्हणजे सेकंदाला 0.1 मिलिमीटर. याहून वेगाने बुडणारा कण सापडला. हळू बुडणाऱ्यांपैकी काही सापडतात, बाकीचे पाण्याबरोबर ओढ्यात. 0.01 मिलिमीटरचा मातीचा कण इथे अगदी काठावर आहे, आणि तेवढ्याच आकाराच्या कोळशाच्या कणांपैकी पाचातले साधारण चार निसटतात.

खोली अगदीच निरुपयोगी नाही. साठलेल्या गाळाला जागा लागते, आणि उथळ तळ्यात जोराचा लोंढा बसलेला गाळ पुन्हा उचलतो. पण निवळण्यासाठी हवं ते पसरट तळं, आणि पाणी आत येण्याची व बाहेर जाण्याची तोंडं एकमेकांपासून लांब. ती शेजारी-शेजारी ठेवली, तर पाणी एका दारातून येऊन दुसऱ्यातून निघून जातं आणि बाकीचं तळं नुसतं शोभेला.

चिकणमातीचा प्रश्न तरीही उरतोच. तिच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. ते एकमेकांना दूर ढकलतात, त्यामुळे गोळा होत नाहीत. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम हा भार मारतं, कणांचे पुंजके बनतात आणि बुडतात. मात्रा जास्त झाली तर कणांवर उलटा, धन भार चढू शकतो आणि पाणी पुन्हा गढूळ! काही खाणींत धनभारित पॉलिमर (लांब साखळीच्या रेणूंचं रसायन) वापरतात, पण माशांच्या कल्ल्यांवरही ऋण भार असतो. उरलेलं पॉलिमर तिथे जाऊन चिकटतं. म्हणून आधी बरणीत चाचणी, मग तळ्यात. पाइपला चुंबक बांधून पाणी ‘चार्ज’ करणाऱ्या यंत्रांच्या जाहिराती मात्र खुशाल सोडून द्या. चुंबकाने चिकणमाती बुडत नाही.

एवढा आटापिटा कशासाठी? ओढ्याच्या तळाशी दगडगोट्यांच्या फटींत किड्यांच्या अळ्या राहतात, काही मासे तिथेच अंडी घालतात. गाळ त्या फटी बुजवतो आणि अंड्यांपर्यंत प्राणवायू पोहोचत नाही.

आणि गढूळ नसलेलं पाणी? काही जुन्या खाणींत तळ दिसेल इतकं नितळ, निळसर पाणी साचतं. कोळशातल्या पायराइटला (लोह आणि गंधक यांच्या खनिजाला) हवा-पाणी लागलं की गंधकाम्ल बनतं, ते मातीतलं अ‍ॅल्युमिनियम विरघळवतं, शेवाळ फारसं वाढू देत नाही. तेच अ‍ॅल्युमिनियम तुरटीसारखं काम करून पाणी निवळवतं. असं पाणी ओढ्यात उतरलं की पुढे काही अंतरावर त्यातलं लोह हवेशी संयोग पावून नारिंगी थर बनून दगडांवर बसतं. वर खाणीत मात्र पाणी आरशासारखं, आणि त्यात एकही बेडूक नाही.