नमुन्यातील अणुसंख्या

पदार्थाच्या वस्तुमानावरून त्यातील एकूण अणूंची संख्या काढण्याची रीत. ग्रॅममधील वस्तुमानाला ग्रॅम-रेणुभाराने (एका मोलच्या ग्रॅममधील वस्तुमानाने) भागून मोल (कणांची संख्या मोजण्याचे एकक) काढतात. त्यांना आव्होगाड्रो स्थिरांकाने (६.०२२ × १०²³ प्रतिमोल) गुणल्यास रेणुसंख्या मिळते आणि तिला एका रेणूतील अणूंच्या संख्येने गुणल्यास अणुसंख्या. ९ ग्रॅम पाण्यात सु. ९.०३ × १०²³ अणू असतात. सजल लवणांत स्फटिकजल (स्फटिकात बांधलेले पाणी) विसरून चालत नाही. मोरचुदाच्या (सजल कॉपर सल्फेटाच्या) एका सूत्र-एककात (रासायनिक सूत्राने दाखविलेल्या घटकात) पाच जलरेणूंसह २१ अणू असतात. ते निर्जल समजून आकडेमोड केल्यास उत्तर निम्म्याहूनही कमी येते.

स्थिरांकाचे श्रेय कोणाचे, हा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे. आमेदेओ आव्होगाड्रो यांनी १८११ मध्ये, तापमान व दाब सारखे असताना समान घनफळाच्या वायूंत रेणूंची संख्या समान असते, असे गृहीतक मांडले. ती संख्या किती, हे त्यांनी सांगितले नाही. पहिला अंदाज योहान योझेफ लोश्मिट यांच्या १८६५ मधील कामातून निघतो. वायूंच्या गत्यात्मक सिद्धांतावरून (रेणूंच्या गतीवरून वायूंचे गुणधर्म स्पष्ट करणाऱ्या सिद्धांतावरून) त्यांनी हवेच्या रेणूचा व्यास काढला. तो आजच्या मानापेक्षा मोठा असला, तरी त्यातील दहाचा घात बरोबर होता. त्यांनी स्वतः रेणुसंख्या दिली नाही, म्हणून काही जण हे श्रेय त्यांना देत नाहीत. तथापि व्यासावरून संख्या काढणे ही केवळ पुढची पायरी असल्याने हा आक्षेप फारसा टिकत नाही. जर्मन ग्रंथांत या स्थिरांकाला दीर्घकाळ लोश्मिट यांचेच नाव होते. आव्होगाड्रो यांचे नाव झां पेरँ यांनी १९०९ मध्ये सुचविले. ब्राउनीय गतीवरील (द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या अनियमित हालचालीवरील) त्यांच्या प्रयोगांनंतर अणूंच्या अस्तित्वाविषयीचा संशय बहुतांशी मावळला.

अलीकडची पद्धत जवळजवळ प्रत्यक्ष मोजणीचीच आहे. नैसर्गिक सिलिकॉन तीन समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंचे) मिश्रण असल्याने सिलिकॉन-२८ समृद्ध करून सु. १ किग्रॅ.चा एकस्फटिकी गोल बनवितात. गोलाच्या घनफळाला क्ष-किरणांनी मोजलेल्या एकक कोशिकेच्या (स्फटिकात पुनःपुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान घटकाच्या) घनफळाने भागतात व प्रत्येक कोशिकेत ८ अणू धरतात. स्फटिकातील रिक्त जागा, अशुद्धी आणि पृष्ठभागावरील ऑक्साइडाचा थर यांसाठी दुरुस्त्या कराव्या लागतात.

२० मे २०१९ पासून स्थिरांकाचे मूल्य ६.०२२१४०७६ × १०²³ प्रतिमोल असे व्याख्येनेच निश्चित आहे. १९७१ ची व्याख्या १२ ग्रॅम कार्बन-१२ मधील अणूंवर आधारलेली होती. आता त्या १२ ग्रॅममधील अणुसंख्याच प्रयोगाने ठरवावी लागते. मात्र हा फरक प्रयोगशाळेतील नेहमीच्या तराजूला जाणवणारा नाही.