पाऊल नडलेले चित्र : काराव्हाज्जोचा संत मत्तय

रोमच्या सान लुईजी देई फ्रान्चेझी चर्चमध्ये एका चॅपलच्या (छोट्या प्रार्थनादालनाच्या) वेदीवर दिसणारे ‘संत मत्तय आणि देवदूत’ हे इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचे दुसऱ्या खेपेचे चित्र आहे; पहिले नाकारले गेले. मत्तय म्हणजे जकातदाराचा येशूशिष्य झालेला, शुभवर्तमान (येशूचे चरित्र) लिहिणारा संत.

हे चॅपल कार्डिनल मात्तेओ कोन्तारेल्लीने १५६५ मध्ये घेतले. आपल्या नावाच्या संताचे आयुष्य त्याला तिथे रंगवून हवे होते. चित्रकार मुत्सिआनोने काम घेतले आणि हातही लावला नाही. १५८५ मध्ये कार्डिनल वारला तेव्हा भिंती कोऱ्याच होत्या. पुढे चेझारी या चित्रकाराने छत तेवढे रंगवले. अखेर जुलै १५९९ मध्ये बाजूच्या दोन चित्रांसाठी काराव्हाज्जोशी ४०० स्कूदींचा (तेव्हाची नाणी) करार झाला. वेदीवर बसायचा होता शिल्पकार कोबार्टचा पुतळा. १५८७ पासून रेंगाळलेला हा पुतळा १६०२ मध्ये आला आणि नापसंत ठरला. त्याच फेब्रुवारीत त्या जागेसाठी काराव्हाज्जोचेच चित्र ठरले, १५० स्कूदींना.

पहिल्या चित्रात मत्तय खुर्चीत पायावर पाय टाकून बसलेला, पिंढऱ्या उघड्या, एक पाऊल थेट आपल्या अंगावर आलेले. मांडीवर पोथी, तीत हिब्रू अक्षरे. देवदूत त्याचा हात धरून गिरवून घेतोय, आणि जन्मभर जकातीचा हिशेब ठेवलेला हा गृहस्थ अक्षर प्रथमच पाहिल्यासारखा बघतोय!

वेदीवरच्या चित्राची खालची कड मिस्सा (वेदीपुढची उपासना) करणाऱ्या धर्मगुरूच्या डोक्याच्या जरा वर येते. भाविकांची नजर जिथे खिळायची, तिथेच हे पाऊल. लोकांकडे पाय करून बसणे आपल्याकडेही खपत नाही. काराव्हाज्जोचा चरित्रकार बेलोरी याने १६७२ मध्ये नकाराचे कारण हेच दिले आहे. पहिल्याची उंची सुमारे सव्वादोन मीटर, दुसऱ्याची जवळपास तीन. म्हणून पहिले तात्पुरतेच लावले असावे, असेही काही अभ्यासक मानतात. पण ते पाऊल पाहिले की बेलोरीचेच पटते.

दुसऱ्या चित्रात देवदूत वरून झेपावतो, पण मत्तयाला शिवत नाही. तो बोटे मोजतोय : मत्तयाचे शुभवर्तमान सुरू होते तेच अब्राहामापासूनच्या वंशावळीने. संत अजूनही अनवाणीच, फक्त पाऊल बाजूला सरले आहे. त्याऐवजी तिरक्या झालेल्या स्टुलाचा पाय कडेबाहेर डोकावतो.

नाकारलेले चित्र जुस्तिनियानी या संग्राहकाने घेतले. १८१५ मध्ये ते प्रशियाकडे (तेव्हाचे जर्मन राज्य) गेले आणि १९४५ मध्ये बर्लिनच्या फ्रीड्रिक्सहाइन या विमानवेधी बुरुजातल्या आगीत नष्ट झाले. उरली ती कृष्णधवल छायाचित्रे. इंटरनेटवरच्या रंगीत प्रती मागाहून रंगवलेल्या आहेत. त्यांवरून मूळ रंग ठरवू नयेत.